सागरेश्वरचे ऋण

वन्यजीवांची सेवा करू इच्छिणाऱ्या मलकापूरच्या तरुणांना आदर्श दूर शोधावयास नको. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावालगतचे सागरेश्वर हे माणसांनी घडविलेले अभयारण्य आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी तेथील उजाड डोंगरांवर वनराई उभी करण्याचा ध्यास घेतला; १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले.

मात्र तेथे बारमाही नैसर्गिक पाणी नाही. पाण्यासाठी चितळ, सांबर कुंपणाबाहेर आले, की शेतकऱ्याचे पीक जाते आणि अभयारण्याविषयीची त्याची आपुलकीही ओसरते. म्हणून शिक्षकांनी व सरपंचांनी वनखात्याच्या अनुमतीने स्वयंसेवकांची पथके उभारून उन्हाळ्यापूर्वीच पाणवठे भरण्यास व जाळरेषा काढण्यास हातभार लावावा. मोहिते यांच्या कष्टांचे तेच खरे स्मरण ठरेल.