फटफटी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'तुझ्या आवडीच्या विषयावर पाच मिनिटं बोल,' असं आयोजकांनी मला सांगितलं. कळंबात तीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाला असं सांगणं धोक्याचं असतं. तरी त्यांनी सांगितलं, म्हणून बोलतो.

आपण शाळेत होतो तेव्हा कोण येतंय हे गाडी दिसायच्या आधी आवाजावरूनच कळायचं. दूधवाल्याची राजदूत, डॉक्टरांची येझदी, ठेकेदाराची बुलेट. सर, तुमच्याही राजदूतचा आवाज फाटकापाशी आला की अख्खा वर्ग जागेवर बसलेला असायचा. राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची, येझदी म्हैसूरच्या आयडियल जावाची, बुलेट मद्रासच्या एनफिल्डची. मूळ मात्र पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि इंग्लंडचं. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात छोटी राजदूत दिसली आणि लोक तिला बॉबीच म्हणू लागले. आपल्या पांदणीच्या चिखलात चालली ती मात्र मोठी १७५. मागे दुधाचे कॅन, पुढे टाकीवर पोरगं.

राजदूत आणि येझदी या टू-स्ट्रोक. इंजिनात व्हॉल्व्हच नाहीत, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, म्हणून मागून निळा धूर. बंद पडली की प्लग काढायचा, काळा झाला असेल तर पॉलिश पेपरनं घासायचा, पॉइंटची गॅप पाहायची, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात गाडी सुरू. येझदीची गंमत वेगळी. किक आणि गिअर एकाच दांडीवर, दांडी फिरवून उभी केली की किक. बुलेटला गिअर उजव्या पायाला, आणि सुरू करायची म्हणजे पूजाच. अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकम्प्रेसर दाबून किक थोडी पुढे ढकलायची, मग लाथ. चुकलं की किक उलटी पायावर.

१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १००. एक पेट्रोल वाचवायला, दुसरी उडवायला. आरएक्स १९९६ मध्ये बंद झाली. आज चांगल्या आरएक्सची किंमत ऐकली की वाटतं, दोन घेऊन झाकून ठेवली असती तर पोरीचं लग्न निघालं असतं.

आता जे बोलतो ते जुन्या गाड्यांच्या भक्तांना आवडणार नाही. माझं जीव लावणं जुन्या गाडीवर आहे, पण पोराला रात्री यवतमाळला पाठवायचं असेल तर मी त्याला नवीच देतो. जुन्या राजदूतचा दिवा सहा व्होल्टचा, इंजिन मंद झालं की उजेडही मंद. ब्रेक ड्रमचे, पावसात ओले झाले की देवाचं नाव घ्यायचं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखाली कॉम्बी ब्रेक सक्तीचे झाले, ते उगाच नाही. रस्ता चौपदरी झाला, ट्रकचा वेग वाढला. आपल्या बॅचचा एक जण आज आपल्यात नाही. तो याच रस्त्यावर गेला, हेल्मेट हँडलला लटकलेलं होतं. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

पण नव्या गाडीनं एक हिरावलंही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. धूर कमी झाला, थंडीत चोक ओढणं संपलं. बिघाड मात्र आता कानाला कळत नाही, स्कॅनरवर कोड येतो. गावात स्कॅनर नसेल तर कास्तकारानं ऐन पेरणीत गाडी टेम्पोत घालून यवतमाळला न्यायची का? म्हणून गेल्या वर्षी मी स्कॅनर घेतला. हाताखालची दोन पोरं तो माझ्यापेक्षा चांगला चालवतात. त्यांना पॉइंटची गॅप धरायलाही मी बसवतो. 'काका, हे आता कोणाले लागते?' म्हणतात. आज सकाळपासून तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, 'बाबांची राजदूत गोठ्यात पडून आहे, काय करू?' लागते ती अशी.

त्या तिघांसाठी सांगतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण मग ती प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची, रोज वावरात नाही. बाबांनी जी गाडी वावरात नेली ती दिवाणखान्यात उभी करणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा आरसी बुक शोधा आणि नेहमीचीच नोंदणी पुढे चालवता येते का ते आरटीओत विचारा. भंगारवाल्याला मात्र इतक्यात बोलावू नका.

तोवर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या, मग हातानं किक हळूहळू फिरवा. फिरली नाही तर जोर लावू नका, रिंगा चिकटलेल्या असतात. गाडी माझ्याकडे आणा.

माझी येझदी फाटकाजवळ उभी आहे. जेवण झाल्यावर ज्यांना किक मारून पाहायची त्यांनी यावं. चपलेवर नको, बूट घालून या. पहिला मान सरांचा.