ओव्हर देताना

(पनवेल येथील परिचर्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



तुमच्यातल्या कितीतरी जणींना दुपारच्या ड्युटीला पोचायचं आहे, तेव्हा सरळ विषयाकडे वळते.

कामाची वाटणी, सोपवणूक आणि नेतृत्व हा आजचा विषय पनवेलला बोलावा असाच आहे. पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, कळंबोलीला पुण्याचा द्रुतगती महामार्ग सुरू होतो, आणि या रस्त्यांवरचे अपघात रात्री-अपरात्री इथल्या कॅज्युअल्टीत येतात. खारघरच्या टॉवरमधले आजोबा आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाडीवरून आलेली कातकरी बाई यांना सांभाळणारी माणसं तीच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उन्हाने माणसं कोसळली, त्यांतली चौदा दगावली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीवर दरड आली आणि जखमींना कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात आणलं गेलं. अशा वेळी सिस्टर कितीही हुशार असो, तिला हात दोनच असतात. कोणी काय करायचं हे आधीपासून अंगवळणी पडलेलं असेल, तरच तो वॉर्ड उभा राहतो. आणि ते अंगवळणी पडतं साध्या, गर्दी नसलेल्या दिवशी.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. परिचर्या अखंड असते आणि परिचारिका पाळीपुरती असते. आठ तासांनी आपण पुढच्या पाळीला कामाचा ओव्हर देऊन निघतो, रुग्ण तिथेच राहतो. म्हणून आपल्या कामातलं खरं नेतृत्व आपण वॉर्डात नसताना दिसतं. आपण गेल्यावर जे व्हायला हवं ते होतं का, आपण सोपवलेलं काम आपल्याच काळजीने केलं जातं का, हीच त्याची परीक्षा.

या परीक्षेत उतरलेलं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण माझ्या मते आपल्या महाराष्ट्रातलं आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला इजा झाली ती कायमचीच. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली साडेएकेचाळीस वर्षं त्या केईएममध्येच होत्या, चार नंबरच्या वॉर्डालगतच्या खोलीत. त्यांच्याबद्दल बोलताना आपण अत्याचाराबद्दल बोलतो, दयामरणाच्या कायद्याबद्दल बोलतो, आणि ते बोललंच पाहिजे. पण त्या साडेएकेचाळीस वर्षांकडे परिचर्येच्या नजरेने कुणी फारसं पाहिलेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्या प्रकरणात निकाल दिला. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या बाईच्या अंगावर एकही बेडसोअर नाही, ही गोष्ट त्या वेळी न्यायालयापुढे आली. बाहेरच्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. तुम्हाला त्याचं वजन कळतं. माकडहाडावरची, टाचेवरची, खुब्यावरची कातडी काही तासांच्या दाबाने लाल होते. कूस बदलायची राहिली, ओली चादर वेळेवर निघाली नाही, चादरीची चुणी तशीच राहिली, की दुसऱ्या दिवशी तिथे फोड दिसतो. त्यासाठी एका रात्रीचं दुर्लक्ष पुरतं. दिवसाला तीन पाळ्या धरल्या, तर त्या काळात ४५,००० हून अधिक वेळा पाळी बदलली. हल्ल्याच्या वेळी विशीत असलेल्या मुली २०१५ उजाडण्याआधीच निवृत्त झाल्या होत्या. मॅट्रन बदलल्या, अधिष्ठाते बदलले, औषधं आणि गाद्या बदलल्या. ज्यांचा अरुणाताईंच्या धडधाकट आयुष्याशी काहीही संबंध नव्हता, त्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलींनी त्यांना कालवलेलं अन्न भरवलं आणि त्यांची पाठ कोरडी ठेवली.

हे घडलं कसं? प्रेमाने, असं उत्तर दिलं जातं. प्रेम होतंच. पण चार दशकं नुसत्या प्रेमावर निघत नाहीत. अधिष्ठात्यांनी न्यायालयाला सांगितलं होतं की परिचर्येच्या विद्यार्थिनींची प्रत्येक नवी तुकडी आली की तिची अरुणाशी ओळख करून दिली जाते, ही आपल्यातलीच एक आहे असं सांगून. एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिलेला हा ओव्हर होता. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना तिथून हलवायचं मनात घेतलं, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून ते होऊ दिलं नाही. आणि २०११ च्या निकालात, अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच आहे, असं न्यायालयाने मानलं. त्यात एकट्या सिस्टर नव्हत्या. आया म्हणजे आपल्या मावशी, वॉर्डबॉय म्हणजे आपले मामा, स्वयंपाकघरातली माणसं, डॉक्टर, सगळेच होते. या देशात परिचर्येला मिळालेलं इतकं मोठं प्रमाणपत्र दुसरं नाही, असं मी मानते. अभ्यासक्रमात नेतृत्वाचा धडा परदेशी पुस्तकांतून शिकवतो, त्याआधी हा शिकवला पाहिजे.

परदेशी पुस्तकांतलंही एक मात्र जवळ ठेवावं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात व्यवस्थापनावर एक प्रकरण आहे. मी नसताना काय होईल याची तजवीज ज्या परिचारिकेने केली नाही, तिची बाकीची सगळी चांगली सेवा वाया जाऊ शकते, हा त्याचा आशय. क्रिमियाच्या युद्धात सैनिकांच्या रुग्णालयात काम केलेली ही बाई दिव्याइतकीच यादीवर, नोंदीवर आणि कामाच्या वाटपावर विसंबून होती. आपण दिवा तेवढा उचलला.

आता आपल्या वॉर्डात येऊ. सकाळचा ओव्हर कसा होतो? एक सिस्टर जायच्या घाईत, दुसरी यायच्या घाईत, बेड नंबर, सलाईन, इंजेक्शन, 'बाकी ठीक आहे', संपलं. त्या वेळी मावशी कुठे असतात? बाथरूमकडे किंवा चादरी मोजायला. मामा एक्स-रेला रुग्ण घेऊन गेलेले. म्हणजे ज्यांनी रात्रभर त्या आजोबांना उठवलं-बसवलं, भांडं दिलं, पाणी पाजलं, त्यांना ओव्हरमध्ये स्थानच नाही. आजोबांनी आज पहिल्यांदाच चहा नको म्हटलं, ते कालच्यासारखं नावाने हाक मारत नाहीत, हे मावशींना माहीत असतं. मॉनिटरवर आकडे बिघडण्याआधी रुग्ण असा बिघडायला लागतो. ती बातमी वॉर्डात हजर असते आणि फाइलपर्यंत पोचत नाही, कारण मावशींना कुणी विचारलेलं नसतं.

सोपवणं म्हणजे काम सांगून मोकळं होणं, हा समज आपण मोडला पाहिजे. 'मावशी, जरा युरिनकडे लक्ष ठेवा' असं म्हटलं, तर मावशी बॅग भरली की रिकामी करतील, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. पण 'मावशी, अकराला बॅग रिकामी केली आहे. दोन वाजता बघा. शंभरच्या रेघेला पोचली नसेल तर मी जिथे असेन तिथे येऊन सांगा,' असं म्हटलं, की ते सोपवणं झालं. काय बघायचं, केव्हा बघायचं, किती कमी म्हणजे कमी, आणि तसं झालं तर काय करायचं, हे सगळं त्यात आलं. आणि दोन वाजता मावशी आल्या नाहीत, तर सव्वादोनला मी स्वतः जाऊन बघायचं, हेही त्यातच आलं. काम दिलं म्हणून जबाबदारी गेली नाही. ती आपल्याच नावावर राहते.

काही कामं मात्र द्यायचीच नाहीत. आंघोळ, पाठीची निगा, चालत्या-बोलत्या रुग्णाला भरवणं हे मावशी करू शकतात, आणि कित्येकदा आपल्यापेक्षा चांगलं करतात. पण पक्षाघात झालेल्या माणसाला गिळता येतं की नाही हे तपासल्याशिवाय पहिला घास कुणी भरवायचा नाही. ऑपरेशननंतर रुग्णाला पहिल्यांदा उभं करताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, तिथे सिस्टरनेच असायला हवं. रक्त चढवायला सुरुवात केल्यावरची पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळून हलायचं नाही. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम दोघींनी पाहिल्याशिवाय द्यायचं नाही. कामाचं नाव तेच असतं, रुग्णाची अवस्था बदलली की ते काम वेगळं होतं, आणि ही पारख करण्यासाठीच आपलं शिक्षण आहे.

आणखी एक सोपवणूक आपल्याकडे सर्रास चालते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. 'सलाईन संपत आली की सांगा हं,' असं आपण रुग्णाच्या सुनेला सांगतो. ती बिचारी रात्रभर बाटलीकडे डोळे लावून बसते. तिला हे काम कुणी शिकवलेलं नाही, सुई बाहेर सरकून हात सुजतोय हे तिला ओळखता येत नाही, आणि चूक झाली तर आयुष्यभर तिला ती खात राहील. हे थांबलं पाहिजे. नातेवाइकांना काम द्यावं, पण ते शिकवून आणि पुढे घरी उपयोगी पडणारं. पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. या आजाराने आपल्या सगळ्यांना एक शहाणपण दिलं. ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला स्वतःचा पाय रोज डोळ्यांनी तपासायला, पाण्यात बुडवून मऊ करायला, तेल लावायला शिकवलं, तरच जखम टळते. तिथे आपण काळजी खुद्द रुग्णाच्या हाती देतो, आणि तीच शेवटपर्यंत टिकते. मधुमेहाच्या पायासाठीही हाच रस्ता आहे, बाळंतिणीसाठीही हाच.

इथवर मी आपल्या वागण्याबद्दल बोलले. आता व्यवस्थेबद्दल बोलते, आणि हे मी व्यासपीठावरच्या मान्यवरांना उद्देशून बोलते आहे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या विभागाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला, त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. नगरमध्ये ज्यांना अटक झाली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी होत्या आणि तीन परिचारिका. कोणाची चूक किती, ते ठरवायला न्यायालयं आहेत. मी वेगळा प्रश्न विचारते. वॉर्डातली वायरिंग बदलून घेण्याचा अधिकार कोणत्या परिचारिकेला आहे? मनुष्यबळ अपुरं आहे म्हणून 'आज या वॉर्डात आणखी रुग्ण घेणार नाही' असं म्हणण्याचा अधिकार कोणत्या इन्चार्ज सिस्टरला आहे? जबाबदारी खाली येते आणि अधिकार वरच राहतो. याला सोपवणूक म्हणत नाहीत. हे ओझं टाकणं झालं.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, असा आहे. तुमच्या वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, हे मी सांगायची गरज नाही. ती तूट विद्यार्थिनींना उभं करून भरली जाते. विद्यार्थिनी शिकायला आलेली असते. तिला हाताशी घ्यावं, तिच्यावर वॉर्ड टाकू नये. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आणि सूतिका आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यातून नवे अभ्यासक्रम आणि नव्या परीक्षा येतील, त्यांचं स्वागत आहे. पण वॉर्डात माणसं किती, या प्रश्नाला हात लावल्याशिवाय नेतृत्वाचे वर्ग घेणं मला पटत नाही.

अधिकार नसतानाही आपल्या माणसांनी नेतृत्व केलेलं आहे, हेही सांगितलं पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा अंजली कुलथे प्रसूतिपूर्व विभागात ड्युटीवर होत्या. वीस गरोदर बायकांची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी दरवाजे बंद केले, सगळ्यांना मजल्याच्या टोकाच्या पँट्रीत नेलं, आणि एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहात पोचवलं. कोणाच्या आदेशाची वाट पाहायला वेळ नव्हता. पुढे न्यायालयात साक्ष देतानाही त्या गणवेशात गेल्या. अशी माणसं आपल्यात आहेत. त्यांचा सत्कार करून आपण थांबतो. त्यांचं म्हणणं रोजच्या बैठकीत ऐकलं जातं का, हे बघत नाही.

या परिषदेत ठराव बरेच होतील. माझी विनंती आहे की त्यांत हा एक घ्यावा: दोन पाळ्या किमान अर्धा तास एकमेकींवर याव्यात, तो अर्धा तास ड्युटीत धरावा आणि त्याचा पगार मिळावा, ओव्हर रुग्णाच्या खाटेजवळ व्हावा, आणि रात्रीची मावशी व मामा त्याला हजर असावेत. त्याला मोठा निधी लागत नाही. पाळीचं वेळापत्रक बदलावं लागतं, आणि ते बदलण्याचा अधिकार अधिसेविकांना द्यावा लागतो. व्यवस्थापनाचे जे प्रतिनिधी इथे बसले आहेत, त्यांनी हे मान्य आहे की नाही ते आजच सांगावं.

आणि ठराव मंजूर व्हायची वाट तुम्ही पाहू नका. उद्या सकाळी वॉर्डात गेलात की ओव्हर घेताना मावशींना हाक मारा, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.