चैत्रगौरीचे माहेर

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, चैत्रातील माता-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘वसंत आणि आई’ हा विषय दिला. या दोहोंची स्तुती आपल्या साहित्यात इतकी झाली आहे की, स्तुतीच्या भारामुळे त्यांच्याकडे निरखून पाहणे राहून जाते. म्हणून मी कवींच्या वसंताविषयी बोलणार नाही. आपल्या कोहक्याला ठाऊक असलेला वसंत आणि त्या वसंतात राबणारी आई यांच्याविषयीच चार शब्द बोलेन.

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. आपल्याकडे मात्र त्याची वर्दी फाल्गुनातच पळस देतो. पाने झडून गेलेल्या फांद्यांवर केशरी फुलांचे घोस लागतात. मग आंब्याचा मोहोर जून होतो, बोराएवढ्या कैऱ्या धरतात आणि पहाटेच्या वेळी मोहाची फुले झाडाखाली टपटपू लागतात. ऊन तापण्याआधी ती वेचायला बायका टोपल्या घेऊन निघतात. हा वसंत सौम्य नाही. सकाळी कोकीळ ऐकावी आणि दुपारी दारे लावून घ्यावीत, असा तो आहे. तरी याच धगीत निंबाला कोवळी, तांबूस पालवी फुटते. पोलाद वितळवणाऱ्या या नगरीत राहणाऱ्यांना त्याचे नवल वाटू नये.

मराठी घरात या ऋतूचा सर्वांत गोड विधी म्हणजे चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला निरोप देतात. महिनाभर ती माहेरी आलेली असते. अंगणात चैत्रांगण रेखतात, हळदीकुंकू होते, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात, कैरीची डाळ आणि पन्हे देतात. या विधीचा अर्थ नीट पाहिला तर ध्यानात येते की, आपल्या पूर्वजांनी साक्षात जगन्मातेलाही एक महिन्याची रजा दिली होती. जगाचा संसार सांभाळणारी माता या महिन्यात कुणाची तरी लेक होते. तिला कुणी कामाला लावत नाही. ती झोपाळ्यावर बसते आणि बाकीच्यांनी तिचे कौतुक करायचे असते.

माझी आई मूळची भंडारा जिल्ह्यातली. १९५६ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती दुर्गला आली आणि पुढे आमचे घर कोहक्यात झाले. ती आली तेव्हा तिचे माहेर आणि सासर एकाच राज्यात होते व त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. सासर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि माहेर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० रोजी माहेर महाराष्ट्रात आले. १ नोव्हेंबर २००० रोजी सासर छत्तीसगढमध्ये गेले. आईने मात्र दुर्ग जिल्हा कधीच सोडला नव्हता. लोक इतिहास पुस्तकात वाचतात. तिच्या पिढीच्या बायकांनी तो माहेरच्या पत्रावर लिहायच्या पत्त्यात वाचला.

मराठी माणसे येथे कारखान्याबरोबरच आली, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. नागपूरकर भोसल्यांची स्वारी १७४१ मध्ये रतनपुरावर आली आणि पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपूर ही राजधानी ठेवून १७८७ पर्यंत कारभार पाहिला. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषी घरातले होते. परंतु फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाई कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्यानंतर विदर्भातून जी कुटुंबे आली, त्यांचा प्रश्न निराळा होता. पुरुषांना काम होते, पाळी होती, सोबती होते. बायकांना येथे भाषा नवी, शेजार नवा आणि माहेर अडीचशे-तीनशे किलोमीटरांवर.

अशा घरात वसंत कसा येई, ते आजच्या तरुण पालकांनी ऐकण्यासारखे आहे. वडिलांची पाळी दर आठवड्याला बदले आणि तिच्याबरोबर चूल पेटण्याची वेळही बदले. चैत्र म्हणजे आम्हा भावंडांच्या परीक्षा. त्यातच वर्षाचे वाळवण. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे अंधारात मोठ्या पातेल्यात चीक शिजवायचा. तो घट्ट होत जातो तसतसा ढवळताना दंड भरून येतो. गुठळी झाली की सारी मेहनत वाया. ऊन चढण्यापूर्वी सोऱ्यातून कुरडया घालून झाल्या पाहिजेत. त्यानंतर अंघोळ, डबे आणि आमची उजळणी. आई स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. पण पाढे चुकले की स्वयंपाकघरातून आवाज येई.

शाळेचा निकाल लागल्यावरच तिला माहेरी जाता येई. तोवर चैत्र सरलेला असे आणि गौरीच्या निरोपाची वेळ जवळ आलेली असे. देवीचे माहेरपण महिन्याचे आणि आईचे आठ दिवसांचे. ही तफावत तिने कधी बोलून दाखवली नाही. आमच्याही ती बराच काळ लक्षात आली नाही, कारण घरातले सण नीट पार पडत होते.

येथे एका गोष्टीचा कृतज्ञतेने उल्लेख केला पाहिजे. आईचे माहेर दूर होते, तरी तिला या मातीने पोरके ठेवले नाही. शेजारच्या छत्तीसगढी दाईने तिला थंडीत कोहळ्याची रखिया बरी घालायला शिकवले. आईने तिला कुरडई शिकवली. चैत्र नवरात्रात त्यांच्याकडे जंवारा पेरला जाई. टोपलीतले गव्हाचे कोंब नऊ दिवसांत हातभर वाढत. मग ते डोक्यावर घेऊन बायका जसगीते ऐकत तळ्याकडे निघत. आई त्या मिरवणुकीच्या वाटेवर पाणी घालायला उभी राही. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे गौरीला निरोप असे आणि त्याच दिवशी त्यांच्या अंगणात अकतीचा सण, म्हणजे पुतरा-पुतरीचे, बाहुला-बाहुलीचे लग्न. एका घरातून लेक सासरी निघे आणि शेजारच्या घरात वरात येई. आम्ही मुले दोन्हीकडे जेवत असू.

छत्तीसगढीत आईला ‘महतारी’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द ‘म्हातारी’सारखा वाटतो आणि लहानपणी आम्ही त्यावर हसत असू. पुढे कळले की, दोन्हींच्या मुळाशी ‘महत्तर’, म्हणजे अधिक थोर, हा संस्कृत शब्द मानला जातो. एका भाषेने थोरपण वयाला दिले, दुसरीने आईला.

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येते. जनगणनेत ‘मातृभाषा’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. बालपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती त्याची मातृभाषा. आई लहानपणीच निवर्तली असेल, तर घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा. म्हणजे शासनाच्या कागदावर भाषेचा स्रोत म्हणून शाळा नाही, राज्य नाही. आईचे बोलणे आहे. आपल्या संविधानात १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी राज्यांनी कराव्यात, असे सांगितले गेले. आपली शाळा त्या विचाराच्या छायेत उभी आहे. परंतु कायदा फळा आणि खडू देईल. फळ्यावरचे वाक्य समजणारे मूल घरून यावे लागते. साठ वर्षे ते मूल कोणी तयार करून पाठवले? तर या सभागृहातील मातांनी, आणि आज येथे नसलेल्या त्यांच्या सासवांनी व आयांनी. कणीक मळताना सांगितलेल्या गोष्टी, झोपताना म्हटलेल्या ओव्या, भांडणात वापरलेल्या म्हणीसुद्धा या शाळेच्या पायातले दगड आहेत.

या ऋणाची परतफेड आपण कशी करतो? मराठी परंपरेत श्रावणातील पिठोरी अमावस्या हा मातृदिन आहे. अलीकडे मे महिन्यातला दुसरा रविवारही आपल्याकडे रुजला आहे. त्याचा उगम जाणून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील ॲना जार्विस या बाईंनी आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ १० मे १९०८ रोजी ग्राफ्टन या गावी प्रार्थनासभा घडवून आणली. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस राष्ट्रीय पातळीवर जाहीर केला. पुढे त्या दिवसाचा बाजार झालेला पाहून त्याच जार्विसबाई त्याविरुद्ध झगडल्या. छापील शुभेच्छापत्र पाठवून मोकळे होणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. त्यांचा आग्रह होता की, हा दिवस सगळ्या मातांच्या समुदायाचा नसून प्रत्येकाच्या स्वतःच्या आईचा आहे.

हा आग्रह मला मोलाचा वाटतो. ‘आई म्हणजे त्याग’ असे म्हटले की, त्या वाक्यात कुणाचीही आई बसते आणि म्हणूनच कुणाचीच दिसत नाही. त्यागाच्या स्तुतीत आणखी एक धोका असतो. ज्याची स्तुती होते ते काम तिच्याकडेच राहते.

मराठीत आईचा खरा गौरव ज्यांनी केला, त्यांनी काय केले ते पाहा. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात एका विशिष्ट आईचे, विशिष्ट घरातले, लहान लहान प्रसंग आहेत. म्हणून ती साऱ्यांची आई झाली. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर त्यांना गाणी सुचत आणि त्यांचे पुत्र सोपानदेव ती टिपून ठेवीत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. एका मुलाने आईचे शब्द ऐकले आणि उतरवून घेतले नसते, तर मराठी कविता तेवढी दरिद्री राहिली असती. आईची कदर करणे याचा माझ्या लेखी हा अर्थ आहे. तिच्याजवळ बसावे, तिला विचारावे आणि ती जे सांगते ते लिहून घ्यावे.

माझ्या आईचे वय आता सत्त्याऐंशी आहे. गेली तीन वर्षे दर चैत्रात मी वही घेऊन तिच्याजवळ बसते. चैत्रांगणातील चिन्हांचा क्रम, माहेरच्या आमराईतील झाडांची नावे, जात्यावरच्या ओव्या असे मी विचारत जाते. पहिल्या वर्षी तिने बत्तीस ओव्या सांगितल्या. या वर्षी त्यांतल्या अकराच आठवल्या. काहींचा पूर्वार्ध राहिला, उत्तरार्ध गेला. परवा मी तिला विचारले, “आई, वसंतात तुला सगळ्यांत काय आवडायचं गं?” मला वाटले, ती मोगरा म्हणेल, कोकीळ म्हणेल. ती म्हणाली, “कुणीतरी मला बसल्या जागी पन्हं आणून द्यावं, एवढंच वाटायचं.” मग वहीकडे बोट दाखवून तिने विचारले, “हे लिहितेस ते ठीक. पण हे आपल्या पणतीला वाचता येईल का?”

माझी नात मराठी बोलते, पण तिला ती वाचता येत नाही. या सभागृहातील अनेक घरांत असेच आहे, हे मला ठाऊक आहे. नोकरी, बदल्या, परराज्य यांची कारणे खरी आहेत आणि मी कुणालाही दोष देत नाही. परंतु आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर भाषणात देता येत नाही. ते रोज अर्धा तास पाटीवर द्यावे लागते. गेल्या रामनवमीपासून मी नातीला बाराखडी शिकवते आहे. ती सध्या ‘घ’पर्यंत आली आहे.

म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात माझी आपणा सर्वांना तीनच मागणी आहेत. आपल्या आईचे, आजीचे एक पान तिच्याच शब्दांत लिहून काढावे. शाळेच्या ग्रंथालयात त्या पानांचा एक संग्रह व्हावा. घरातील मुलाने, त्याचे माध्यम कोणतेही असो, ते पान वाचू शकावे इतकी मराठी त्याला शिकवावी. आणि पुढच्या चैत्रात, गौर झोपाळ्यात बसेल त्या महिन्यात, घरातल्या आईलाही काही दिवस माहेरपण मिळावे. माहेर दूर असेल, किंवा आता उरलेच नसेल, तर ते तिला राहत्या घरात द्यावे. कैऱ्या उकडणे मुलग्यांना अवघड नाही. गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घातले की पन्हे होते. ते पेल्यात ओतून, ती बसली असेल तेथे, तिच्या हातात नेऊन द्यावे.