बॅटरीची रिक्षा आणि आमची हिशोबाची वही

आम्ही देगलूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. गटात आम्ही अकरा जणी. डाळ, तिखट, पापड हा आमचा धंदा. गेल्या वर्षी गटाने कर्ज काढून बॅटरीवर चालणारी तीनचाकी रिक्षा घेतली. सकाळी शाळेच्या मुली, दुपारी सवारी आणि बाजारच्या दिवशी आमचा माल. आज बोलायचं आहे ते याच रिक्षाबद्दल. एका चार्जिंगमध्ये ती जास्तीत जास्त कशी चालवायची, हे आम्ही कसं शिकलो ते सांगतो.

शिकलो ते फजिती होऊनच. विकणाऱ्याने सांगितलं होतं, एकदा भरली की 120 किलोमीटर जाते. आम्ही तोच आकडा धरून चाललो. दुसऱ्याच आठवड्यात देगलूरचा बाजार करून परत येताना मरखेलच्या रस्त्यावर रिक्षा थांबली. त्या दिवशी तिचे 74 किलोमीटरच झाले होते. अंधार पडलेला, उरलेल्या मालाची पोती, वर आम्ही पाच जणी. तीन किलोमीटर ढकलत आणली. वाटेत एक जण म्हणाला, "बाई, बैल जुंपा आता." त्या रात्री कुणाला जेवण गेलं नाही. हप्ता तर दर महिन्याला भरायचाच होता. दोघी-तिघी म्हणाल्या, विकून टाकू.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. आमच्या अध्यक्षा ताई म्हणाल्या, "आपण डाळीचा हिशोब किलोवर ठेवतो, मग रिक्षाचा का नाही?" झालं, शंभर पानी वही आणली. चार्जिंगच्या जागी वेगळा सबमीटर बसवला. रोज दोनच आकडे लिहायचे: किती किलोमीटर झाले आणि किती युनिट लागले.

युनिट म्हणजे काय, ते सोपं आहे. हजार वॉटची शेगडी एक तास चालली की एक युनिट. पहिल्या आठवड्यात आमची रिक्षा एका युनिटला 9 किलोमीटर जात होती. आज 12 जाते. बॅटरी तीच, रस्ता तोच. बदलल्या त्या आमच्या सवयी.

आधी 120 च्या आकड्याचं बोलू. गाडी विकायच्या आधी सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. अशी एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे, एआरएआय, 1966 पासूनची. तिथे सगळ्या गाड्या एकाच ठरलेल्या पद्धतीने चालवून बघतात. ते बरोबरच आहे, कारण त्याशिवाय एका गाडीची दुसरीशी तुलना होत नाही. पण त्या तपासणीत आपले खड्डे, आपला चढ आणि आपली पोती नसतात. म्हणून तो आकडा गाडी निवडायला वापरा. घरी परत यायचा हिशोब आपल्या वहीवरून करा.

आता सवयी. पहिली, चाकातली हवा. आमच्या तिन्ही चाकांत हवा कमी होती आणि कुणाला पत्ता नव्हता. हवा कमी असली की चाक रस्त्याला जास्त चिकटतं आणि मोटरला जोर लावावा लागतो. आता दर सोमवारी सकाळी, गाडी चालवायच्या आधी, चाकं थंड असताना हवा बघतो. किती भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

दुसरी, वेग. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. हायवेवर ट्रकच्या बरोबरीने पळवायला गेलो की बॅटरीचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. आमची ताई आता 30 ते 35 च्या वेगाने, डाव्या बाजूने चालवते. बाजाराला दहा मिनिटं उशीर होतो, पण ढकलत यावं लागत नाही.

तिसरी, मूठ आणि ब्रेक. एकदम मूठ पिळली की बॅटरीतून एकदम वीज ओढली जाते. हळूहळू वेग वाढवावा. आणि पुढे गतिरोधक दिसला की आधीच मूठ सोडावी. जुन्या सायकलचा डायनामो आठवतो ना? चाक फिरलं की दिवा लागायचा. तसंच आमच्या गाडीत मूठ सोडली की मोटरच डायनामोचं काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक दाबला तर तीच शक्ती ब्रेक तापवण्यात वाया जाते.

चौथी, ओझं. पुस्तिकेत जेवढं लिहिलं तेवढंच. पोती असतील तर सवारी नाही. यावरून आमच्यात भांडणं झाली, कारण समोरची सवारी सोडणं जिवावर येतं. पण वही बघितली आणि भांडण मिटलं.

पाचवी गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या उन्हाची. बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. उन्हात तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून रिक्षा लिंबाच्या सावलीत उभी करतो. आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही. तासभर थंड होऊ देतो आणि रात्री लावतो.

बॅटरी कुठली आहे तेही विचारून घ्या. जुन्या पद्धतीची, पाण्याची म्हणजे लेड ॲसिडची असेल तर वापरून झाल्यावर रोज पूर्ण भरावी, रिकामी ठेवू नये, आणि पाणी घालायचं ते फक्त डिस्टिल्ड. लिथियमची असेल तर अगदी शून्यावर आणू नये. रोज पूर्ण भरायची की थोडी कमी, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. पुस्तिकेत बघा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून वाचून घ्या.

चार्जिंगला जाड वायर, मोठा पंधरा अँपियरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवंच. एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. बोर्ड तापला म्हणजे पैशाची वीज वाया जातेच, वर आगीची भीती. शेतीपंपाच्या जोडणीवरून तर मुळीच चार्ज करू नका. घरच्या बिलात महिन्याला 100 युनिटच्या पुढे गेलं की पुढच्या युनिटचा दर वाढतो, हेही लक्षात ठेवा. धंद्याच्या गाडीला कुठलं मीटर चालेल, ते महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा.

आमच्यातल्या एकीची लेक परदेशात असते. तिच्याकडे प्लग-इन हायब्रीड म्हणतात तसली कार आहे. तिला दोन पोटं: एक पेट्रोलचं, एक विजेचं. रोजचं जवळचं अंतर विजेवर, लांबचं पेट्रोलवर. लेक सांगत होती, सुरुवातीला कंटाळा करून चार्जच करायची नाही. मग गाडी बॅटरीचं ओझं वाहत नुसतं पेट्रोल खायची. आता रोज रात्री प्लग लावते. फोनवर ऐकून आम्ही हसलो. एवढी महागाची गाडी, पण हवा, वेग, मूठ आणि प्लग, धडे आमच्या रिक्षाचेच.

मैत्रिणींनो, शहरांतल्या काही बहिणींना सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेतून गाडी मिळते. त्यात 20 टक्के सरकारचे, 10 टक्के आपले आणि 70 टक्के बँकेचं कर्ज. ती योजना निवडक शहरांसाठी आहे. गाडी योजनेतून घ्या नाहीतर आमच्यासारखी गटाच्या कर्जातून, हप्ता फेडायचा तो गाडी चालवूनच. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. महिनाभर लिहिलंत की आपली गाडी कुठवर जाते हे कुणाला विचारावं लागणार नाही. आणि वहीतल्या आकड्यापेक्षा दहा किलोमीटर आधीच घरी या.

परवाच्या बाजारी, ज्याने बैल जुंपायला सांगितलं होतं तोच रस्त्यात हात दाखवून उभा होता. त्याची मोटारसायकल बंद पडली होती. ताईने त्याला बसवलं आणि भाडंही घेतलं. ते वहीत लिहिलेलं आहे.