अंगठा ते सही : आपले कागद आपण जपूया



गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एक जुन्या काकू वारल्या. तेरावं झाल्यावर त्यांची लेक आमच्याकडे आली. म्हणाली, "आई गटात येऊन सही करायला शिकली. तिचा पहिला अंगठा आणि पहिली सही मला बघायचीय." आम्ही पेटी उघडली. पहिल्या वहीचा वाळवीनं भुगा केला होता. दुसऱ्या वहीत सही सापडली. अंगठा मात्र गेला तो गेलाच. लेक काही बोलली नाही, पण आमच्या माना खाली गेल्या.

तेव्हापासून आम्हाला कागदाची किंमत कळली. म्हणून आज एका विद्यापीठाची गोष्ट सांगतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं. तेच आजचं एसएनडीटी. अशा तारखा आणि रकमा संस्थेच्या दफ्तरातून कळतात. सभेचं इतिवृत्त, प्रवेशाची नोंदवही, देणगीच्या पावत्या, हे सगळं त्या दफ्तरात असतं.

पण घरात काय चाललं होतं, ते दफ्तर सांगत नाही. ते कळतं माणसांच्या पत्रांतून, डायऱ्यांतून, आठवणींतून. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी 'माझे पुराण' लिहिलं. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी 'माझी कहाणी' लिहिली. पार्वतीबाई विधवा झाल्यावर शिकल्या, संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. या बायांनी लिहिलंच नसतं, किंवा लिहिलेलं रद्दीत गेलं असतं, तर संस्था उभी करताना घरच्या बाईनं काय सोसलं, हे आपल्याला कुणी सांगितलं असतं?

आपला गटही एक संस्थाच आहे. मग एवढं करूया.

कागदाच्या टाचण्या आणि पिना काढा, त्या गंजतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी तिचा डाग पडतो. जुन्या कागदाचं लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही. ओला कागद उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर सुकवा. वह्या धुतलेल्या सुती कापडात बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटी जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको, विटांवर ठेवा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर उघडून बघा. कसर, वाळवी लगेच दिसेल.

फोटोच्या मागे कडेला, हलक्या हातानं, पेन्सिलीनं नावं लिहा. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी परका होतो. एकीची पत्रं दुसरीच्या गठ्ठ्यात मिसळू नका, जो क्रम असेल तो मोडू नका. महत्त्वाच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा, पण म्हणून मूळ वही फेकू नका. आणि कुणाची खासगी पत्रं तिला किंवा तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय वाचायला देऊ नका.

काकूंच्या सहीचं पान आम्ही लेकीला दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. ती वही आता विटांवरच्या पेटीत आहे. तुमच्या गटाची पहिली वही कुठं आहे? पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.