काजळ फासलेले चेहरे

आज एका जुन्या अमेरिकन सिनेमाबद्दल सांगणार आहे, पण सुरुवात आपल्या खर्डीतूनच करते.

गेल्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला माझ्या मुलीला 'आदिवासी' व्हायचं होतं. निरोप आला, तोंडाला काजळ लावा, डोक्यात पिसं खोवा. मीच हौसेनं काजळ फासलं. नाच झाला, टाळ्या पडल्या. खाली तिची कातकरी मैत्रीण बसली होती. तिनं मला विचारलं, "काकी, आमची आई अशी दिसते का?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा आठवला 'द बर्थ ऑफ अ नेशन'. आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर दोनच वर्षांनी, १९१५ साली आलेला मूकपट. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ. तीन तासांचा, तंत्रात फार पुढचा. पण त्यातल्या काळ्या माणसांच्या मोठ्या भूमिका गोऱ्या नटांनी केल्या, चेहऱ्याला काळा रंग फासून. काळा माणूस म्हणजे एकतर आळशी, नाहीतर बायकांच्या मागे लागणारा, असं दाखवलं. आणि त्यांना मारणारे झगेवाले 'कू क्लक्स क्लान' झाले नायक! त्याच वर्षी ती संघटना पुन्हा उभी राहिली आणि माणसं जमवायला हाच सिनेमा दाखवू लागली. पडद्यावरचं खोटं असं घरादारांवर येतं.

काळ्या लोकांनी गावोगावी निषेध केला. १९२० साली ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकानं 'विदिन अवर गेट्स' काढला. त्याची नायिका काळ्या मुलांच्या शाळेसाठी पैसे उभे करायला धडपडणारी शिक्षिका. आपली गोष्ट आपणच सांगितली की ती अशी बदलते.

आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं होतं. तिकडचं दुःख आणि इकडचं दुःख त्यांना एकच दिसलं. मला मात्र ते घरातल्या काजळाच्या डबीत दिसलं नव्हतं.

यंदा मी त्या मुलीच्या आईकडे गेले. म्हटलं, "ताई, तुमचा नाच तुम्हीच शिकवाल का पोरींना?" ती आधी लाजली, मग म्हणाली, "शिकवीन, पण तोंडाला काही फासायचं नाही."

मैत्रिणींनो, तुमच्याही शाळेतून असा निरोप आला, तर काजळाची डबी उघडण्याआधी शेजारच्या वाडीवर जाऊन एकदा विचारा.