फाटा माहीत आहे, गाव माहीत आहे का?

आजचा भाग माझ्या गावाबद्दल आहे. पुण्यात कुणी विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" की मी सांगतो, आळेफाटा. समोरचा लगेच म्हणतो, "हो हो, नाशिकला जाताना चहा घेतो की आम्ही तिथे!" माझी आजी असती तर म्हणाली असती, "अरे, फाट्यावर उतरलास, गावात कुठं आलास?"

तर आज गावात जाऊ या.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. पुणे-नाशिक रस्ता दक्षिणोत्तर जातो. कल्याण-नगर रस्ता त्याला आडवा छेदतो. ही चौफुली म्हणजे आळेफाटा. आळे हे मूळ गाव. फाट्यानं त्याचं नाव घेतलं आणि आता गावापेक्षा फाट्याचंच नाव मोठं झालंय. शेजारचं वडगाव आनंदही या फाट्याला लागूनच आहे, पण त्याचं नाव प्रवाशांच्या कानावरच येत नाही!

आता पश्चिमेकडे बघा. ओतूर ओलांडून तासाभरात माळशेज घाट, तिथे पाऊस नुसता कोसळतो. पूर्वेकडे बेल्हे, मग आण्याचं पठार, तिथे पावसाची वाट बघत बसायचं. आपलं आळे या दोन्हींच्या मधोमध. म्हणून आमच्याकडे पाण्याचं मोल सगळ्यांना कळतं. पिंपळगाव जोगा धरणाचा कालवा आला आणि शेती बदलली. फाट्यावरच्या उपबाजारात कांद्याच्या गोण्यांची थप्पी दिसते ना, तिच्यामागे हे पाणी आहे. आणे पठार मात्र अजून पाण्यासाठी भांडतंय.

आता इतिहास. इथून जवळच कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक आहे. तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही. ही राख पार सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, असं बरेच अभ्यासक मानतात. तिच्या वयावरून त्यांच्यात वाद आहेत, ते असू द्या. पण आपल्या नदीकाठी माणूस किती जुना, याचा विचार करा!

मग सातवाहनांचा काळ. कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. त्या वाटेनं जुन्नर मोठं केलं. पुढे मोटारींचा रस्ता माळशेजमधून गेला, नाणेघाट ट्रेकिंगवाल्यांसाठी राहिला आणि ट्रकांची गर्दी आमच्या फाट्यावर आली.

आळ्याची सगळ्यात लाडकी गोष्ट पण वाटेवरचीच आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेत आळ्याला थांबला तो कायमचाच, अशी परंपरा आहे. त्याची समाधी गावात आहे. राजाची, सरदाराची समाधी गावोगावी दिसते. आमच्या गावानं एका मुक्या जनावराची जपली. लहानपणी मला याची लाज वाटायची, शाळेतली पोरं चिडवायची. आज सांगताना छाती फुगते.

हे सगळं का सांगतोय? वाट बदलली की फाट्याचं नशीब बदलतं. नाणेघाटाचं बदललं, उद्या आमच्या चौफुलीचंही बदलेल. चहाची टपरी दुसऱ्या रस्त्यावर हलवता येते. समाधी, नदीकाठचा तो राखेचा थर, कोणत्या शिवाराला पाणी कधी आलं याची आठवण, हे कुणी हलवू शकत नाही. फक्त विसरू शकतं. माझ्या आजीकडे अशा कितीतरी आठवणी होत्या. मी फोन हातात घेऊन फिरत होतो, पण एकदाही रेकॉर्डचं बटण दाबलं नाही. ती चूक तुम्ही करू नका.

आणि पुढच्या वेळी फाट्यावर चहा घेतलात, तर थोडा वेळ काढून गावातही या. रेड्याच्या समाधीपुढे दोन मिनिटं बसा. मग म्हणा, आळ्याला जाऊन आलो.

भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!